दोरीवर साप कुणी ठेवला?

लवण नावाच्या राजाच्या दरबारात एकदा एक जादूगार आला. त्याने मोरपिसांचा कुंचा हवेत फिरवला, तोच एक उमदा घोडा दरबारात आणला गेला. ‘बसा, महाराज,’ जादूगार म्हणाला आणि राजा घोड्याकडे बघता बघता जागच्या जागी थिजला. दरबारी घाबरले. थोड्या वेळाने राजा भानावर आला तेव्हा थरथर कापत होता. त्याने सांगितलेली हकिकत अशी: घोडा उधळला आणि त्याला दूर अरण्यात घेऊन गेला. एका झाडाच्या वेलीला लोंबकळून त्याने कशीबशी सुटका करून घेतली. भुकेने जीव कासावीस झालेला असताना अन्न घेऊन चाललेली एक चांडाळ मुलगी भेटली. लग्न करशील तर जेवायला देते, म्हणाली. त्याने केलं. तिच्या वस्तीत तो राहिला, पोरंबाळं झाली, केस पिकले, साठ वर्षं गेली. मग दुष्काळ पडला, वस्ती उठली. वाटेत धाकटा पोरगा भुकेने रडू लागला तेव्हा त्याला स्वतःचंच मांस खाऊ घालावं म्हणून बाप आगीत शिरायला निघाला, आणि डोळे उघडून पाहतो तर समोर आपलाच दरबार.

नारदाला पाणी आणायला पाठवून विष्णूने त्याला संसारात बुडवलं, ही कथा कीर्तनांतून ऐकलेल्या माणसाला इथवर नवं काही वाटणार नाही. पण ‘योगवासिष्ठ’ हा ग्रंथ इथे थांबत नाही. दुसऱ्या दिवशी लवण लवाजमा घेऊन विंध्याच्या रानात जातो. तिथे त्याला ती वस्ती सापडते. तीच झोपडी, तीच झाडं. एक म्हातारी बसून रडत असते. कुठून तरी आलेल्या एका राजाशी आपल्या मुलीचं लग्न झालं होतं, दुष्काळात सगळे गेले, असं ती सांगते. लवणाच्या समोर त्याची सासू उभी असते.

जादूगाराने दाखवलेल्या भासातली सासू जागेपणी भेटते, याचा उलगडा वसिष्ठ ऋषी रामाला पुढे करून देतात, पण तो ऐकूनही वाचकाच्या पायाखालची जमीन घट्ट होत नाही. हा ग्रंथ परंपरेने वाल्मीकींच्या नावावर आहे. त्याचं मूळ रूप काश्मीरमध्ये इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुमारास सिद्ध झालं असावं, असं अभ्यासक मानतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शाहजादा सलीमसाठी, म्हणजे पुढच्या जहांगीरसाठी, त्याचं फारसी भाषांतर झालं आणि पुढे दारा शिकोहनेही एक करवून घेतलं. मुघल राजपुत्रांना या गोष्टींची भूल पडावी यात आश्चर्य नाही. आज एखाद्या स्ट्रीमिंग कंपनीने लवणाची कथा जशीच्या तशी उचलली, तर प्रेक्षक तिला विज्ञानकथाच म्हणतील.

आभास आणि वास्तव हा विषय निघाला की हल्ली बोलणं हमखास एका चित्रपटापाशी येतं. ‘द मॅट्रिक्स’ हा वाचोव्स्की भावंडांचा चित्रपट ३१ मार्च १९९९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. थॉमस अँडरसन ऊर्फ निओ या प्रोग्रामरला कळतं, की आपण जगतो ते शहर म्हणजे संगणकाने मेंदूत भरवलेलं चित्र आहे. खरी माणसं द्रवाने भरलेल्या कोषांत झोपलेली आहेत आणि यंत्रं त्यांच्या शरीरांतून ऊर्जा काढून घेताहेत. लाल गोळी घेतली की जाग येते, निळी घेतली की पुन्हा गाढ झोप. तेव्हापासून ‘मॅट्रिक्स म्हणजे आपली मायाच की’ हे वाक्य व्याख्यानांतून, दिवाळी अंकांतून आणि कॉलेजच्या कट्ट्यांवर फिरतं आहे. चित्रपटकर्त्यांनीही त्याला हातभार लावला. २००३ साली आलेल्या तिसऱ्या भागात राम-कांद्रा, कमला आणि सती अशी नावं असलेलं एक भारतीय कुटुंब आहे. ती माणसं नसून संगणकातले प्रोग्राम आहेत. आणि शेवटच्या श्रेयनामावलीवर बृहदारण्यक उपनिषदातली, असत्याकडून सत्याकडे नेण्याची प्रार्थना पाश्चात्त्य वाद्यमेळावर गायली जाते.

पण ही तुलना घाईची आहे. निओ जागा होतो तेव्हा दुसऱ्या एका जगात पोहोचतो, आणि तेही पहिल्यासारखंच जग आहे. तिथेही शरीर आहे, भूक आहे, बेचव लापशी आहे, लोखंडी जहाज आहे, शत्रू आहेत. त्याने खोली बदलली, इतकंच. अद्वैत वेदान्तातला माणूस जागा होतो तेव्हा कुठेच जात नाही. अंधारात दोरीवर साप दिसला, दिवा आणला, साप गेला. दोरी जिथे होती तिथेच आहे. साप दुसऱ्या खोलीत पळून गेला नाही. तो कधी आलाच नव्हता.

मॅट्रिक्सचं खरं माहेर ग्रीसमध्ये आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात सॉक्रेटिसच्या तोंडून ग्लाउकॉनला, म्हणजे स्वतःच्या भावाला, एका गुहेचं वर्णन ऐकवलं आहे. लहानपणापासून पाय आणि मान साखळदंडांनी बांधलेले कैदी समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसले आहेत. त्यांच्या पाठीमागे आग आहे. आग आणि कैदी यांच्यामध्ये एक बुटकी भिंत आहे आणि तिच्या आडून काही लोक लाकडा-दगडाच्या प्रतिमा उंच धरून ये-जा करताहेत. कैद्यांना दिसतात त्या फक्त सावल्या. कुठली सावली कुठल्या मागून येईल हे ओळखण्यात ते पटाईत झाले आहेत आणि त्यात जो हुशार त्याला मान देतात. एकाला सोडवून उजेडात ओढून नेलं, तर आधी त्याचे डोळे दुखतील. सवय झाल्यावर तो सूर्य पाहील. पण परत येऊन बाकीच्यांना सांगू लागला तर ते त्याला हसतील आणि हात पोहोचला तर ठार करतील. हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर इसवी सनापूर्वी ३९९ साली अथेन्समध्ये विष प्यायला लावलेला त्याचा गुरू होता.

या गुहेतली एक गोष्ट वाचताना सहसा सुटून जाते. बुटक्या भिंतीआडून प्रतिमा मिरवणारे ते लोक कोण आहेत? कैद्यांना कुणी बांधलं? प्लेटो सांगत नाही. त्याला त्यात फारसा रस नसावा. त्याचं लक्ष आहे ते वर चढण्याच्या वाटेवर. पुढच्या काळातल्या कथाकारांनी मात्र नेमकी हीच मोकळी जागा हेरली.

भारतीय दर्शनांनी भ्रमाचा तपास केला तो वेगळ्याच अंगाने. त्यांच्या ग्रंथांत गुहा, कैदी, सुटका असं नाट्य थोडं. शिंपल्यावर दिसणारी चांदी, दोरीवरचा साप, आकाशातले दोन चंद्र आणि वाळवंटातलं पाणी या चार-दोन उदाहरणांवर शेकडो वर्षं वाद झाला. शिंपला चांदीसारखा दिसला, तर ती चांदी आली कुठून? न्यायदर्शन म्हणतं, चांदी खरीच आहे, पण ती बाजारात आहे. पूर्वी पाहिलेली चांदी आठवणीतून इथे येऊन चिकटली. प्रभाकर मीमांसकाचं म्हणणं असं, की ज्ञान कधी खोटं नसतंच. ‘हे’ असं समोरचं दिसणं आणि ‘चांदी’ ही आठवण या दोहोंतला फरक लक्षात आला नाही, एवढंच झालं. योगाचार बौद्ध म्हणतात, चांदी मनातच होती, ती बाहेर भासली. अद्वैती म्हणतात, ती चांदी खरी नाही, कारण नंतर ती रद्द होते. पण सशाच्या शिंगासारखी निव्वळ शून्यही नाही, कारण ती दिसली आणि तिच्यासाठी माणूस वाकला. ही सगळी चर्चा, जिला ख्यातिवाद म्हणतात, फॉरेन्सिक अहवालासारखी कोरडी आहे. तिच्यात एकही आरोपी नाही. चूक घडते कशी, एवढाच प्रश्न आहे.

गौडपादांनी मांडूक्य उपनिषदावरच्या कारिकांत जळतं कोलीत फिरवण्याचा दाखला दिला आहे. कोलीत गरगर फिरवलं की आगीचं वर्तुळ दिसतं. ते वर्तुळ कोलितातून बाहेर पडलेलं नसतं आणि हात थांबला की त्याच्यात परत शिरतही नाही. चित्रपटगृहात सेकंदाला २४ स्थिर चित्रं दाखवून हलता माणूस उभा करण्याची युक्ती याच जातीची आहे. त्यामुळे गौडपादांचा दृष्टान्त सिनेमावाल्यांना आपला वाटायला हरकत नाही.

याच चर्चेतला, चौथ्या-पाचव्या शतकातला बौद्ध आचार्य वसुबंधू मॅट्रिक्सच्या सर्वांत जवळ जातो, असं म्हणायला हवं. ‘विंशतिका’ या छोट्या ग्रंथात त्याने बाहेरच्या वस्तू नसूनही जग कसं चालू शकतं हे दाखवलं. प्रतिपक्षाचा आक्षेप होता, की भ्रम एकट्याला होतो, पण जग तर सगळ्यांना सारखं दिसतं. वसुबंधूचं उत्तर: प्रेतयोनीतले सगळेच जीव एकत्र पुवाची नदी पाहतात, एकटादुकटा नव्हे. आक्षेप होता, की स्वप्नातल्या गोष्टींचा खरा परिणाम होत नाही. उत्तर: स्वप्नातल्या संगाचा शरीरावर परिणाम होतोच. आणि नरकातले यमदूत? ते खरे जीव नव्हेत. तिथे पडलेल्यांच्या कर्मामुळेच ते सगळ्यांना दिसतात. सामुदायिक आभास, शरीरावर उमटणारे वळ, पहारेकरी म्हणून फिरणाऱ्या आकृत्या… मॅट्रिक्सची जवळजवळ सगळी सामग्री इथे आहे. नाहीत ती फक्त यंत्रं. ज्याचा आभास, त्याचंच कर्म.

आणि गंमत अशी, की ‘जग स्वप्न आहे’ असं म्हणणाऱ्या या मताला कडाडून विरोध करणाऱ्यांत शंकराचार्य आहेत. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरच्या भाष्यात ते विज्ञानवाद्याला, म्हणजे वसुबंधूच्याच मताच्या बौद्धाला, विचारतात, की खांब, भिंत, घडा समोर दिसत असताना ते नाहीत असं कसं म्हणता? पोटभर जेवून तृप्त झालेला माणूस ‘मी जेवतही नाही, तृप्तही होत नाही’ म्हणू लागला, तर त्याचं कोण ऐकेल? जागेपण आणि स्वप्न सारखं नाही. स्वप्नातली वस्तू जाग आल्यावर रद्द होते, जागेपणातला खांब असा कुठल्याही अवस्थेत रद्द होत नाही. ‘जग मिथ्या’ हे वाक्य ज्यांच्या नावावर घरोघरी खपतं, त्यांचीच ही बाजू आहे. अद्वैत परंपरेचा तोडगा पायऱ्यांचा: दोरीवरच्या सापाचं अस्तित्व प्रातिभासिक, रोजच्या जगाचं व्यावहारिक आणि ब्रह्माचं पारमार्थिक. व्यवहारात भिंत भिंतच आहे. डोकं आपटलं तर टेंगूळ येईल.

रामानुजांनी तर स्वप्नालाही खोटं म्हणायचं नाकारलं. श्रीभाष्यात त्यांचं म्हणणं असं, की स्वप्नातले रथ, घोडे, रस्ते ईश्वर खरोखर निर्माण करतो, पण फक्त त्या एका जिवासाठी आणि तेवढ्याच वेळापुरते, म्हणजे त्याची छोटी-मोठी कर्मफळं भोगून संपावीत. इथे बनवणारा आहे, पण तो फसवणारा नाही. तो हिशेब चुकता करतो आहे.

मराठी वाचकाला तर याहून जवळचा साक्षीदार आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त सातवं प्रकरण, ग्रंथातलं सर्वांत मोठं, अज्ञानाच्या खंडनाला दिलं. ज्या अज्ञानाच्या पडद्याआड जग भासतं असं सांगितलं जातं, ते अज्ञान राहतं कुठे? ज्ञानात राहू शकत नाही, आणि स्वतःला तर ते ओळखत नाही. मग त्याच्या असण्याला साक्षीदार कोण? एकेक जागा तपासत, बऱ्याचदा अज्ञानवाद्याची थट्टा करत ज्ञानेश्वर त्या पडद्यालाच हद्दपार करतात. उरतं ते चैतन्याचंच विलसणं. ज्ञानेश्वर शांकर मताचेच की त्यांची वाट वेगळी, यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. पण ‘जग म्हणजे एक मोठी फसवणूक’ हा सूर त्यांच्यात लागत नाही, हे अमृतानुभव उघडणाऱ्या कुणालाही दिसेल.

फसवणारा रंगमंचावर आला तो युरोपात. १६४१ साली रने देकार्तने ‘मेडिटेशन्स’मध्ये एक अतिशय सामर्थ्यवान आणि कपटी राक्षस कल्पिला, जो आपलं सगळं बळ पणाला लावून माणसाला फसवतो आहे. आकाश, पृथ्वी, रंग, आवाज, स्वतःचे हातपाय, सगळा त्याचा बनाव. देकार्तला अशा राक्षसाचं अस्तित्व सिद्ध करायचं नव्हतं. शंका ताणून ताणून न तुटणारं काही हाती लागतं का, हे पाहण्यासाठी त्याने तो उभा केला आणि काम झाल्यावर निकालात काढला. पण साहित्यात असं पात्र एकदा आलं की जात नाही. राक्षसाने पुढे पांढरा कोट चढवला. १९८१ साली हिलरी पटनम या अमेरिकन तत्त्वज्ञाने भांड्यात तरंगणारा मेंदू आणि त्याला तारांनी खोटे अनुभव पुरवणारा संगणक अशी कल्पना पुस्तकात मांडली. मेंदू कायमच भांड्यात असेल तर त्याच्या ‘मेंदू’ आणि ‘भांडं’ या शब्दांना आपण देतो तो अर्थच असणार नाही, म्हणून ‘मी भांड्यातला मेंदू आहे’ हे त्याचं वाक्य आपोआप खोटं पडतं, असा त्याचा युक्तिवाद. युक्तिवाद थोड्यांना आठवतो, भांडं सगळ्यांना.

विज्ञानकथेने हा राक्षस तत्त्वज्ञांकडून घेतला, पण त्याला पत्ता आणि पगार दिला तो आपल्या काळाने. फ्रेडरिक पोलची १९५५ सालची ‘द टनेल अंडर द वर्ल्ड’ ही कथा या प्रकारातली सर्वांत दुष्ट म्हणता येईल. गाय बर्कहार्ट नावाचा साधा नोकरदार १५ जूनला सकाळी किंचाळत जागा होतो. दिवसभर त्याला विचित्र आणि कर्कश जाहिराती ऐकाव्या लागतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा १५ जून उजाडतो. हळूहळू उलगडतं, की त्याचं गाव एका स्फोटात बेचिराख झालं, सगळे मेले आणि एका जाहिरात कंपनीने त्यांच्या मेंदूंच्या नकला इवल्याशा यंत्रमानवांत भरून टेबलावर अख्खं गाव उभं केलं. कुठली जाहिरात चालते हे रोज तपासायचं आणि रात्री सगळ्यांची आठवण पुसून टाकायची.

टेबलावरचं गाव! १९५०च्या दशकात अमेरिकेच्या दिवाणखान्यात टीव्ही शिरला होता आणि गिऱ्हाइकाचं मन वाचणं हा धंदा झाला होता. म्हणूनच या काळातल्या कथांत माया रचणारे असतात ते जाहिरातवाले, बाजारपाहणी करणारे आणि लष्कर. डॅनियल गॅलोयच्या ‘सिम्युलाक्रॉन-३’ या १९६४ सालच्या कादंबरीत लोकमत चाचणीचा खर्च वाचावा म्हणून संगणकात एक आख्खं शहर वसवलेलं आहे. त्यातल्या नागरिकांना आपण विद्युत्प्रवाह आहोत याचा पत्ता नाही. मग शहर बनवणाऱ्यालाच संशय येतो, की आपल्यावरही कुणी असेल तर? जर्मन दिग्दर्शक फासबिंडरने १९७३ साली तिच्यावर दोन भागांचा टीव्हीपट केला; मॅट्रिक्सच्याच वर्षी आलेला ‘द थर्टीन्थ फ्लोअर’ही तिच्यावरच बेतलेला. फिलिप के. डिकच्या ‘टाइम आउट ऑफ जॉइंट’ (१९५९) या कादंबरीचा नायक वर्तमानपत्रातल्या एका कोड्याच्या स्पर्धेत रोज जिंकतो. प्रत्यक्षात त्याच्या उत्तरांवरून शत्रूची क्षेपणास्त्रं कुठे पडणार याचा अंदाज घेतला जात असतो, आणि त्याने हे काम शांतपणे करत राहावं म्हणून त्याच्याभोवती एक खोटं गाव उभारलेलं असतं. एकदा त्याच्या डोळ्यांदेखत शीतपेयाची टपरी विरून जाते आणि तिच्या जागी पडलेल्या चिठ्ठीवर छापलेलं असतं: ‘शीतपेयाची टपरी’.

डिक हा या सगळ्यांतला सर्वांत अस्वस्थ माणूस. सप्टेंबर १९७७मध्ये फ्रान्समधल्या मेत्झ शहरात विज्ञानकथांच्या महोत्सवात त्याने श्रोत्यांना गंभीरपणे सांगितलं, की आपण संगणकाने चालवलेल्या वास्तवात राहतो आणि त्यातलं काही बदललं गेलं की आपल्याला ओझरती जाणीव होते. कथेतलं बोलतो आहे की खरंच मानतो, हे श्रोत्यांना कळेना. वास्तवाची त्याने सांगितलेली कसोटी मात्र अगदी साधी होती: मानायचं सोडून दिलं तरी जे टिकून राहतं, ते खरं. वेदान्ती याला बाध म्हणतात, म्हणजे नंतरच्या ज्ञानाने आधीचं रद्द होणं. जे रद्द होतं ते खोटं, जे होत नाही ते खरं. ही कसोटी वापरून पाहायची सर्वांत सुंदर तऱ्हा पोलिश लेखक स्टानिस्लाव्ह लेमच्या ‘सोलारिस’मध्ये (१९६१) आहे. केल्विन नावाचा शास्त्रज्ञ परग्रहावरच्या तळावर येतो आणि त्याला अशक्य गोष्टी दिसू लागतात. आपल्याला वेड लागलंय का, हे तो गणिताने तपासतो. ग्रहाभोवती फिरणाऱ्या उपग्रहाकडून त्याच्या कक्षेचे आकडे मागवतो, ते न पाहता बाजूला ठेवतो, आणि तीच स्थाने तळावरच्या मोठ्या गणनयंत्रावर वेगळी काढतो. आकडे जुळतात. इतकं किचकट गणित त्याचं स्वतःचं भ्रमिष्ट डोकं परस्पर करू शकलं नसतं. म्हणजे दिसतंय ते बाहेर आहे. त्याला हायसं वाटत नाही. वेड असतं तर बरं झालं असतं.

काही आभास कळूनही जात नाहीत, हेही जुन्या पंडितांनी हेरलं होतं. दोरी कळली की साप जातो. पण तांबड्या जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा नाही हे माहीत असूनही तांबडाच दिसतो. या दुसऱ्या प्रकाराला सोपाधिक भ्रम म्हणतात: उपाधी, म्हणजे इथे ते फूल, हलवल्याशिवाय तो फिटत नाही. १८८९ साली म्यूलर-लायर या जर्मन अभ्यासकाने दाखवलेल्या, टोकांना उलटसुलट बाण जोडलेल्या दोन सारख्या रेषा आज पाठ्यपुस्तकात असतात. पट्टीने मोजल्या तरी एक लांबच दिसते. डोळ्यांवर व्हीआर गॉगल चढवून कड्याच्या टोकावर उभ्या राहिलेल्या माणसाला आपण दिवाणखान्यात आहोत हे पक्कं ठाऊक असतं, तरी पाय पुढे पडत नाही. लाल गोळीने काम भागण्यातली अडचण ती हीच.

डिकच्या ‘यूबिक’ (१९६९) या कादंबरीत पुरावाच सीमा ओलांडतो. अर्धमेल्या माणसांचं मन शीतपेट्यांत जागं ठेवलेलं आहे; जो चिप नावाचा माणूस आत आहे आणि त्याचा मालक रन्सिटर बाहेर, जिवंत, असं वाचकाला एव्हाना पटलेलं असतं. शेवटच्या पानावर रन्सिटर खिशातून नाणी काढतो आणि त्यांच्यावर जो चिपचा चेहरा असतो. जयंत नारळीकरांनीही हेच हत्यार वापरलं, पण मराठी मातीत आणि पूर्ण शास्त्रीय शिस्तीत. ‘यक्षांची देणगी’ या संग्रहातल्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा हिंदुस्थानात जाऊन पोहोचतात, जिथे १७६१ साली मराठे पानिपत जिंकलेले आहेत. परत आल्यावर सगळे याला भ्रम म्हणणार हे उघड आहे. पण त्यांच्या खिशात तिथल्या बखरीचं फाटलेलं पान राहिलेलं असतं, आणि त्यावर विश्वासरावांना गोळी चाटून गेल्याचं लिहिलेलं असतं. त्यांच्या घरच्या बखरीत ती लागलेली आहे. राजेंद्र देशपांडे हा त्यांचा मित्र पुंजभौतिकीच्या आधारे सांगतो, की इलेक्ट्रॉन एकाच वेळी अनेक शक्यतांत असू शकतो, तसे इतिहासालाही फाटे असू शकतील. कथेत कुणीही कुणाला फसवत नाही. दोन्ही पानिपतं खरी. हे वळण परदेशी कटकथांपेक्षा भारतीय दर्शनांच्या स्वभावाशी अधिक जुळतं.

राक्षस मात्र अजून नोकरीवर आहे. २००३ साली ऑक्सफर्डच्या निक बॉस्ट्रमने एका शोधनिबंधात तीन पर्याय ठेवले: एक तर आपल्यासारख्या संस्कृती पुरेशा प्रगत होण्याआधीच जवळजवळ सगळ्या नष्ट होतात, किंवा प्रगत झाल्या तरी आपल्या पूर्वजांची संगणकीय जगं चालवण्यात त्यांना रस उरत नाही, किंवा आपण जवळजवळ नक्कीच अशा एखाद्या जगात आहोत. कुठला पर्याय खरा हे त्याने सांगितलं नाही, पण गाजला तो तिसराच. डेव्हिड चाल्मर्सने २०२२ सालच्या ‘रिअॅलिटी प्लस’मध्ये त्यावर शांतपणे उत्तर दिलं: असेना का. टेबल अणूंचं असेल किंवा संगणकातल्या बिट्सचं असेल, टेबल खरंच आहे. त्यावर चहा ठेवता येतो. चाल्मर्सला मॅट्रिक्सच्या प्रेक्षकांपेक्षा रामानुज लवकर समजले असते.

राहतो तो बाहेर पडण्याचा प्रश्न. १९७४ साली रॉबर्ट नोझिकने अनुभवयंत्राची कल्पना मांडली: हवे ते सुख मेंदूत भरवणारी टाकी, तुम्ही कायमचे आत जाल का? लोक नाही म्हणतील, म्हणजे माणसाला सुखापेक्षा सत्य हवं, असा त्याचा तर्क. २०१० साली फेलिपे दे ब्रिगार्डने हा प्रश्न उलटा करून अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना विचारला: तुम्ही जन्मभर यंत्रातच होतात, आता बाहेर यायचंय का? बाहेर काय आहे हे न सांगता विचारलं तेव्हा जवळपास निम्म्यांनी आत राहणं पसंत केलं. बाहेर तुम्ही तुरुंगात आहात असं सांगितलं तेव्हा बहुतेकांनी. मॅट्रिक्समधला सायफर तर बाहेर येऊन नऊ वर्षांनी परत आत जायला तयार होतो, आणि खोटं आहे हे ठाऊक असलेल्या मांसाच्या तुकड्यावर मिटक्या मारत सौदा करतो. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्याच्या आरंभीच शंकराचार्यांनी ही अडचण गृहीत धरलेली दिसते. ब्रह्माचा विचार कुणी सुरू करावा, याच्या त्यांनी चार अटी घातल्या, आणि त्यातली चौथी म्हणजे सुटण्याची इच्छा असणं. दे ब्रिगार्डचा निम्मा वर्ग तिथेच उठून गेला असता.